सुहासचा रिलीव्हर

आधीच सांगते, मी क्वालिटीत काम करते. चाकणला, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत. दिवसभर गेज लावायचा, आकडा बघायचा, पास की रिजेक्ट ते ठरवायचं. कँटीनमध्ये भुताखेताच्या गोष्टी निघाल्या की मी ताट उचलून दुसऱ्या टेबलावर जाते. इथे ग्रुपवर येणारे अनुभव वाचतानाही निम्म्या वेळा माझ्या तोंडून "कायपण!" निघतं. तेव्हा कृपा करून मला "असं होतं कधीकधी" म्हणून समजावू नका. मला समजूत नको, कारण हवंय... आणि तेच सापडत नाहीये म्हणून हे लिहितेय.

मी, निलेश आणि सुहास. निलेश आमच्याच कंपनीत मेंटेनन्सला, सुहास टूलरूममध्ये. आमची सुट्टी गुरुवारची. सगळं जग कामावर असताना आम्ही निगडीला निलेशच्या घरी टेबलटॉप रोलप्लेइंग गेम खेळत बसायचो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एकेक पात्र घ्यायचं, एकाने प्रसंग सांगत जायचा, आणि जमेल की नाही असं काही आलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. बस. लहान मुलांच्या घर-घरसारखंच, फक्त नियम जास्त आणि भांडणं त्याहून जास्त.

परदेशी गेम खेळून कंटाळा आला तेव्हा सुहास म्हणाला, "आपणच बनवू ना राव. अंतराळात काय फक्त कॅप्टनच राहतात? तिथं पंप कोण चालवतं?" त्यातून 'तिसरी पाळी' झाला. शनीच्या एका चंद्राभोवती फिरणारं स्टेशन, आणि त्यावर आपल्यासारखेच लोक. ऑपरेटर, फिटर, कँटीनवाला. प्रसंग सांगणाऱ्याला आम्ही सुपरवायझर म्हणायचो. ती मी.

त्यातला एक नियम सुहासचा, आणि त्यावर तो कुणाचं ऐकून घ्यायचा नाही. आमच्याकडे शॉपफ्लोअरवर पाळी संपली म्हणून कुणी उठून चालू लागत नाही. बदली माणूस, म्हणजे रिलीव्हर, येतो. काय चालू आहे, काय अडलंय ते विचारतो, "मशीन घेतली" म्हणतो, मग पहिला घरी जातो. रिलीव्हर आला नाही तर डबल ड्युटी. सुहासने हे जसंच्या तसं गेममध्ये घातलं. रिलीव्हरने "मशीन घेतली" म्हटल्याशिवाय पात्राने जागा सोडायची नाही. मी म्हटलं, अरे बोअर होतं हे, लोक अंतराळात येतात ते हजेरी द्यायला का? तर म्हणे, "तू क्वालिटीची आहेस अश्विनी, तुला नाही कळायचं. आमच्याकडे माणूस असा सोडून जात नाही."

पात्राचं नावही त्याने सुहासच ठेवलं होतं. दुसरं नाव लक्षात कोण ठेवणार, म्हणे.

एका गुरुवारी डाव अर्ध्यावर थांबवला. सुहासचं पात्र पंप रूममध्ये ड्युटीवर होतं, त्याचा रिलीव्हर पुढच्या गुरुवारी यायचा होता. त्याच आठवड्यात सुहास झोपेतच गेला. हार्ट. कसलं व्यसन नाही, रोज सायकल चालवणारा माणूस. ओटास्कीम वस्तीत त्यांच्या घरी पुण्यानुमोदनाच्या विधीला आम्ही गेलो तेव्हा त्याची धाकटी बहीण वैशाली मला म्हणाली, "ताई, ते पुस्तक तेवढं होऊ द्या." ती नर्स आहे. रडत नव्हती, फक्त तेवढंच म्हणाली.

म्हणून पुस्तक केलं. कंपनीतून थकून यायचं आणि नियम लिहीत बसायचं. प्रिंटरने तर जीव खाल्ला नुसता. "उद्या देतो ताई" हे एकच वाक्य त्या माणसाला येत होतं. शेवटी आलं. मुखपृष्ठावर पहिलं नाव सुहासचं. आता एकच गोष्ट हवी होती... अनोळखी लोकांनी त्याचा गेम खेळावा. नाहीतर ते गठ्ठे निलेशच्या पलंगाखाली राहणार आणि सुहासचं नाव तिथेच धूळ खाणार, हे आम्हा दोघांनाही पक्कं माहीत होतं.

प्रकाशन रजा टाकून रविवारी दुपारी ठेवलं, निगडी प्राधिकरणातल्या एका मंगल कार्यालयाच्या वरच्या छोट्या हॉलमध्ये. खाली कुणाचा तरी साखरपुडा. डीजे असा की आमचं स्टेशन शनीपाशी नसून थेट त्या स्पीकरमध्येच असावं. दर थोड्या वेळाने कुणीतरी वर येऊन विचारायचं, "जेवण इथं आहे का?" प्रोजेक्टरची वायर बसेना. आणि इतक्या गोंधळातही खुर्च्या बऱ्यापैकी भरल्या. पुण्याहून मुलं आली होती, हिंजवडीची आयटीवाली होती. पहिल्या रांगेत वैशाली, ड्युटीवरून तशीच आलेली.

भाषणं नकोत, थेट डेमो, असं ठरलेलं. चार अनोळखी लोक टेबलाशी बसवले. नकाशा सुहासनेच काढलेला होता, तोच वापरला. पहिलाच प्रसंग पंप रूमचं दार उघडण्याचा. नवख्यांना लगेच जमावं म्हणून मी मुद्दाम सोपं ठेवलं होतं. फाशावर एक आला तरच दार अडणार, बाकी काहीही आलं तरी उघडणार.

पहिल्याने फासा टाकला. एक. हसले सगळे. दुसऱ्याने टाकला. एक. तिसरीने टाकला... एक.

फासा सुहासनेच बनवलेला होता, टूलरूममधल्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यातून. मला वाटलं एका बाजूला जड झाला असेल. बाजूला ठेवला, बाजारातले प्लॅस्टिकचे दिले. एक. हिंजवडीचा एक जण म्हणाला, "ताई, सेटिंग आहे का यात?" आणि त्याने स्वतःच्या मोबाइलमधल्या ॲपवर फासा टाकला. एक. मग कुणी हसेना.

मला भीती वगैरे वाटली नाही, खरं सांगते. मला राग आला. अख्खं वर्ष घातलं त्याच्यामागे आणि ऐन वेळी हे! सुपरवायझर म्हणून मी सरळ सांगून टाकलं, "ठीक आहे, दार उघडलं. तुम्ही आत आलात. पंप चालू करा." चौथ्याने फासा टाकला. एक. मागच्या दोन खुर्च्या रिकाम्या झाल्या. खाली डीजे वाजतोय, निलेश माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. गेम डोळ्यांदेखत मरत होता आणि मी टेबलाखाली वाकून टेबल तिरकं आहे का ते तपासत होते. क्वालिटी ना!

तेवढ्यात वैशाली उठून टेबलापाशी आली. "ताई, आत कोण आहे?"

"कुणी नाही गं. पंप रूम रिकामी आहे."

"रिकामी कशी? दादा नाही का तिथं? शेवटच्या गुरुवारी घरी येऊन सांगत होता मला, मी अडकलोय, माझा रिलीव्हर पुढच्या आठवड्यात येणार म्हणून."

निलेशचा चेहरा उतरला. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "वैशाली, अगं गेम आहे हा."

"मला माहितीय गेम आहे. मी काय येडी नाही. पण तुम्ही त्याला सोडवलं का?"

नव्हतं सोडवलं. त्याच्यानंतर तो डाव आम्ही उघडलाच नव्हता. हिंमतच झाली नव्हती. आणि डेमोसाठी तोच नकाशा, तेच स्टेशन, तीच पंप रूम घेतली, आणि सुहासने हट्टाने घातलेला तो एकच नियम आम्हा दोघांच्या ध्यानात आला नाही. बदली माणूस आल्याशिवाय कुणी मशीन सोडत नाही हे रोज शॉपफ्लोअरवर बघणाऱ्या आमच्या!

"आमच्याकडे पण असंच असतं," वैशाली म्हणाली. "पुढच्या सिस्टरने पेशंटचा ओव्हर घेतल्याशिवाय आधीची सिस्टर वॉर्ड सोडत नाही." तिने खुर्ची ओढली, सुहासचा ॲल्युमिनियमचा फासा मागून घेतला. कुणाकडे न बघता, वॉर्डात बोलत असेल तशाच आवाजात म्हणाली, "दादा, मी आले. काय पेंडिंग आहे?"

थोडी थांबली. कशासाठी थांबली ते मला माहीत नाही. उत्तर कुठूनच आलं नाही, नुसता खालचा डीजे. पण तिने मान हलवली, कुणीतरी सांगितलेलं ऐकून घेतल्यासारखी.

"बरं. मशीन घेतली. तू जा घरी."

आणि फासा टाकला. अकरा.

वीस नाही, काही चमत्कारिक आकडा नाही. साधा अकरा. दार उघडलं, पंप चालू झाला. पुढे डेमो असा रंगला की खालच्या साखरपुड्यातला नवरदेवाचा मामा जेवण सोडून वर उभा राहिला होता. पुस्तकं गेली. आता कुठे कुठे लोक 'तिसरी पाळी' खेळतात, रिलीव्हरच्या नियमावरून आपसांत भांडतात, आम्हाला मेसेज करतात. जे हवं होतं ते झालं.

पण मला झोप येईना. दुसऱ्या दिवशी ते सगळे फासे कंपनीत नेऊन मोजले. बाजू, कोन, वजन, सगळं मापात. बरं, फाशांचं सोडा, मोबाइलचं काय? तिथे तर धातूही नाही न प्लॅस्टिकही नाही. निलेश म्हणतो योगायोग. मी म्हणते, तू गणित करून दाखव. तो विषय बदलतो. वैशालीला विचारलं, तू का थांबलीस तेव्हा, काय ऐकलंस? ती म्हणाली, "काही नाही ताई. ओव्हर घेताना थांबतातच." संपलं.

आणि राग कशाचा येतो सांगू? तो खरंच तिथे असेल... असं मी म्हणत नाही, मानतही नाही... पण असेलच, तर तो भरल्या हॉलमध्ये आमच्यासमोर होता, आणि आम्ही काय केलं, तर फासे बदलत बसलो. मी त्याच्याशी एक शब्द बोलले नाही.

त्याचा तो फासा आता माझ्याकडे असतो. गुरुवारी घरी कुणी नसताना जेवणाच्या टेबलावर टाकत बसते. नवरा कधी लवकर आला तर विचारतो काय चाललंय, मी सांगते टेस्टिंग. पंप रूमचं नाव घेऊन टाकते, न घेता टाकते. एक यावा म्हणून टाकते, सरळ लिहायचं तर. सलग यावा, त्या दिवशी आला तसा.

एक येतो. पण जितक्या वेळा यायला हवा, तितक्याच वेळा येतो.