मामाला दिसलेलं लग्न

विलासमामाबद्दल लिहा, असं मुलगी कितीदा म्हणाली. मी दरवेळी डोळ्यांचं कारण पुढे केलं. डोळे ठीक आहेत. विलासबद्दल लिहायचं तर स्वतःबद्दलही लिहावं लागलं असतं, म्हणून टाळत आलो.

विलास माझ्या बायकोचा, सुमनचा, धाकटा भाऊ. कुठल्याही खोलीत शिरला की तो आधी स्वतःचा तळहात वर धरायचा आणि सावकाश फिरवायचा. आमच्या अंबरनाथच्या घरी पहिल्यांदा आला तेव्हाही त्याने हेच केलं. मला वाटलं, हाताला काही लागलंय.

"उजेड कुठून येतो ते बघतोय, भावोजी," तो म्हणाला. "तुमच्या घरातला सगळ्यात चांगला उजेड मोरीच्या दारात आहे. काय करणार, साईं."

सुमनला तिथेच उभं करून त्याने तिचा फोटो काढला. तो अजून भिंतीवर आहे. मोरी त्यात कुठेच नाही.

उल्हासनगरात एका कापडदुकानाच्या वर त्याचा स्टुडिओ होता. गिऱ्हाइकं बहुतेक सिंधी, त्यामुळे 'साईं' त्याच्या तोंडात बसलेलं. फ्लॅश त्याला आवडत नसे. "फ्लॅश म्हणजे झोपलेल्या माणसाला गदागदा हलवून उठवणं. चेहरा दिसतो, पण घाबरलेला." फ्लॅशशिवाय अंधाऱ्या खोलीत फोटो काढायचा तर कॅमेऱ्याला वेळ लागतो, आणि तेवढ्यात कोणी हललं तर चेहरा पुसट येतो. म्हणून तो हळूच सांगायचा, "बोलू नका. श्वास धरा."

अंधारात काम करायला तो कुठे शिकला, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. रुळांवर किंवा नदीकाठी एखादं बेवारस प्रेत सापडलं की फोटोसाठी पोलीस त्याला बोलवत. तो कधी नाही म्हणाला नाही. "त्याला कोणीतरी ओळखावं म्हणून काढतो," म्हणायचा. आणि मग हसून, "अंधारात तेच बरे. हलत नाहीत. जिवंत माणूस फार हलतो, साईं."

माझ्या मुलीचं, अश्विनीचं, लग्न ठरलं. नवरीच्या मागे तिचा मामा उभा राहतो. विलासने त्यासाठी नवा कोट शिवला होता. आणि मला त्याचे हात आठवले, त्यांनी काय काय उचलून उजेडात धरलं असेल ते. सासरकडचं कोणी काही बोललं नव्हतं. घरातलंही नाही. मीच एका दुपारी त्याला म्हणालो, "विलास, मामा म्हणून दत्ता उभा राहू दे. तुझ्यासारखे फोटो दुसरा कोण काढणार?" दत्ता म्हणजे सुमनचा चुलतभाऊ.

विलासने तळहात वर धरला. फिरवला नाही, नुसता बघितला.

"चालेल, भावोजी," म्हणाला. त्यात 'साईं' नव्हतं.

बदलापुरात, कात्रपच्या एका हॉलमध्ये, गोरज मुहूर्त होता. ऐन वेळी वीज गेली. जनरेटरवर एकच मोठा दिवा लागला, तोही नवऱ्याच्या बाजूला. सगळा हॉल आपोआप हलक्या आवाजात बोलू लागला, पाण्याखाली गेल्यासारखा. अंतरपाट दुधासारखा उजळला आणि त्यावर नवऱ्याची सावली पडली. मंगलाष्टकं कुठूनतरी लांबून येत होती. अश्विनीच्या मागे दत्ता, आणि दत्ताच्या मागे विलास, कॅमेरा डोळ्याला लावून. मी त्याला पुढे यायची खूण केली. तो आला नाही. श्वास धरून तिथेच उभा राहिला.

फोटो बघायला व्याही घरी आले होते. अंतरपाटाच्या प्रत्येक फोटोत अश्विनीची मान, मुंडावळ्यांची मागची गाठ, पुढे ते उजळलेलं कापड. उडत्या अक्षतांच्या बारीक पांढऱ्या रेघा झालेल्या. आणि कोपऱ्यात दत्ताच्या खांद्याची काळी कड.

"मुलीचं तोंड कुठाय?" मी सगळ्यांदेखत विचारलं.

"मामाला एवढंच दिसतं, भावोजी," विलास म्हणाला.

व्याही चमकले. "म्हणजे सख्खे मामा हे? मग मागे दुसरेच कसे उभे राहिले? आम्ही विचारलंही असतं, पण म्हटलं तुमच्याकडे तशी पद्धत असेल."

मी चहाचं बघायला आत गेलो. सुमन ओट्याशी उभी होती. तिने माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही.

त्यानंतर विलास सणावाराला येत राहिला, हसत राहिला. मीही उद्या बोलू, उद्या बोलू करत राहिलो. तो अंथरुणाला खिळल्याचं कळलं तेव्हा शिरगावला त्याच्या घरी गेलो. रिक्षात सगळं वाक्य जुळवून ठेवलं होतं. संध्याकाळ झाली होती. तो कोणाला दिवा लावू देईना. मला बघून त्याने हात वर धरला, सावकाश फिरवला.

"भावोजी, खुर्ची जरा खिडकीकडे घ्या." उशाखालून त्याने मोबाइल काढला.

"विलास, मला तुला एक..."

"बोलू नका. श्वास धरा."

मी धरला. त्याने फोटो बघितला आणि हसला. "हललात, भावोजी. जिवंत माणूस." मग दमून डोळे मिटले. मी बराच वेळ बसलो, पण ते उघडले नाहीत. त्याच आठवड्यात तो गेला.

त्याच्या मोबाइलमधला तो फोटो नंतर अश्विनीने मला पाठवला. खिडकी स्पष्ट आली आहे, माझा चेहराही. फक्त ओठ पुसट आहेत, बोलायला निघालेले. ते एवढंच म्हणणार होते: विलास, त्या संध्याकाळी अश्विनीच्या मागे तूच उभा राहायला हवा होतास. माझं चुकलं.