पाठमोरी बाई

कितीतरी मोठे गुन्हे विसरलो, पण एका चित्राची चोरी काही विसरता येत नाही.

भिवंडीतल्या एका दिवंगत चित्रकला शिक्षकांच्या चित्रांचं प्रदर्शन त्यांच्या मुलीने भरवलं होतं. त्यात एका विवस्त्र बाईचं पाठमोरं चित्र होतं. नव्या पद्धतीचं, सगळं त्रिकोण-चौकोनांत. चाळीस वर्षांपूर्वी ते पहिल्यांदा लागलं तेव्हा गावात बोंबाबोंब झाली होती. या वेळीही निवेदनं आली आणि दुसऱ्याच दिवशी चित्र गायब. आम्ही निवेदनवाल्यांनाच चौकशीला बोलावून दोन दिवस वाया घालवले.

मग खबऱ्याचा फोन आला. जवळच्या कोन गावात एक म्हातारा चादरीत गुंडाळलेली मोठी चौकट घेऊन भरदुपारी रिक्षातून उतरला होता. पंचांसमक्ष झडती घेतली, चित्र माळ्यावर सापडलं. म्हातारा जन्मभर कापडाच्या लूमवर काम केलेला. ठाण्यात तासभर त्याचं एकच पालुपद, “मला काय म्हाईत न्हाय.” मी आवाज चढवून पाहिला, तरी तेच.

तेवढ्यात हवालदाराने चित्र आणून भिंतीला टेकवलं. त्यात डोकं कुठलं नि पाय कुठले, आम्हा कोणालाच कळत नव्हतं. म्हातारा ताडकन उठला.

“साहेब, उलटी ठेवलीय तिला. आधी सरळ करा.”

“बाबा, तुम्हाला कसं कळलं?”

“बायको हाय माझी. लूमसाठी सुताची कांडी भरायला अशीच बसायची, डावा खांदा खाली टाकून.”

मग सगळं बाहेर आलं. मास्तर शेजारी राहायचे. चित्रासाठी बसल्याचं तिने आपण होऊन सांगितलं, तेव्हा हा महिनाभर तिच्याशी बोलला नाही. चित्र बघायलाही गेला नाही. ती वारली, आणि घरात तिचा एकही फोटो नव्हता.

मास्तरांच्या मुलीने तडजोड केली, कोर्टाने ती मान्य केली. मुद्देमाल रीतसर तिच्या ताब्यात देताना म्हाताऱ्याने विचारलं, “ताई, एकदा हात लावू?” ती हो म्हणाली. त्याने रंगवलेल्या पाठीवर तळवा ठेवला. “बोलतोय ना आता. रागावू नको.”

ओळख पटवणं हे पोलिसाचं कामच. माझी बायको जाऊन चार वर्षं झाली. तिच्या फोटोंचे अल्बम आहेत, सगळ्यांत ती कॅमेऱ्याकडे बघून हसते. पण ती भाजी निवडायला कशी बसायची, ते मला आठवत नाही. मी ड्युटीवरून आलो की पेपर उघडायचो. आज ती समोर येऊन बसली, तर पेपर बाजूला ठेवीन आणि नुसता बघत राहीन.