मामांच्या वाटणीचं तेल

आमच्या मामेसासऱ्यांना साक्षात देव भेटला असता, तरी त्यांनी आधी त्याच्या वाहनावर मागे कोणी बसलंय का ते पाहिलं असतं, आणि जागा रिकामी दिसली असती तर देवालाच फाट्यावर थांबवून मागे दोन माणसं बसवली असती.

माझ्या बायकोचे हे मामा आंदर मावळातले. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी गाव ते कान्हे फाटा अशी वडापची, म्हणजे माणशी भाडं घेऊन फेऱ्या मारणारी, जीप चालवली. एसटी यायची ती तिच्या मनात आलं तर, त्यामुळे आसपासच्या वाड्यावस्त्यांचं सगळं जाणंयेणं त्या एका जीपवर. बाजाराच्या पाट्या, भाताची पोती, सासरी निघालेल्या नव्या नवऱ्या, सगळं तिच्यात मावायचं. ‘जीप भरली’ हे शब्द मामांच्या तोंडून कोणी ऐकले नाहीत. ‘अजून एक बसतंय, श्वास सोडा जरा,’ एवढंच म्हणायचे. मग डोकी मोजून जळणाऱ्या डिझेलला त्या डोक्यांनी भागायचे आणि ‘माणशी चमचाभर पडलं’ असं पुण्य पदरात पडल्यासारखं जाहीर करायचे. हिशेब अर्थात त्यांचा स्वतःचा होता. मांडीवरचं पोर पूर्ण धरायचं, शेळी अर्धी, आणि भांडकुदळ माणूस दीड, कारण तो जागा जास्त अडवतो. पुढे दारोदारी मोटारसायकली आल्या, ज्यांनी जमिनी विकल्या त्यांच्या अंगणात मोटारी आल्या, आणि जीप गोठ्यामागे कोंबड्यांच्या ताब्यात गेली. खोड मात्र गेली नाही. एकदा शनिवारी आम्ही लोणावळ्यात गाड्यांच्या रांगेत अडकलो, तर हे खाली उतरून एकेका मोटारीत डोकावत निघाले. एका बाईंना वाटलं फेरीवाला आहे, त्यांनी काच खाली करून चिक्कीचा भाव विचारला. ‘इकत काय न्हाई, बाई. तुमच्या शेजारची जागा मोकळी हाये, तेवढंच सांगाया आलो,’ मामा म्हणाले. मी सीटवर जमेल तेवढा खाली सरकलो.

बढती मिळाल्यावर मीही गाडी घेतली. कंपनीची बस माझ्या दारावरून जाते, पण आमच्याकडे साहेब झालेला माणूस बसने येत नाही. आला तर बढती काढून घेतली की काय अशी कुजबुज होते. कंपनीचा रस्ता मामांच्या फाट्यावरून जातो. मामा रोज सकाळी तिथे दगडावर बसलेले. माझी गाडी दिसली की काही न बोलता हात वर करून चार बोटं दाखवायचे. चार जागा रिकाम्या, असा त्याचा अर्थ. एकदा माझ्या वरिष्ठांना इंद्रायणी तांदूळ हवा होता म्हणून त्यांना मामांकडे नेलं. परतताना मामा फाट्यापर्यंत सोबत आले आणि तेवढ्या वाटेत त्यांनी गाडी दोनदा थांबवून माणसं घेतली. ‘साहेब, जरा टोपली धरा, मावशीच्या गुडघ्याला लागती.’ टोपलीत कोंबडी होती. उतरताना मामांनी साहेबांच्या पाठीवर थाप मारली, ‘तुमच्यामुळं आज लय स्वस्तात पडलं.’ साहेब हसले, पण तांदळाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

त्या रागात मी मामांना पेपरात वाचलेलं ऐकवलं. ‘मामा, देशातला तेलाचा, म्हणजे पेट्रोल-डिझेलचा, दरडोई वापर वर्षानुवर्षं वाढतच आलाय. श्रीमंत देशांच्या मानाने आपण अजून कितीतरी मागे आहोत.’

‘दरडोई म्हंजी?’

‘सगळं तेल सगळ्यांत सारखं वाटलं, तर एकेकाच्या वाटणीला येईल तेवढं.’

मामा विचारात पडले. ‘म्हंजी माज्या डोक्यावर बी मांडलंय?’

‘मांडलंय.’

‘मी तर चालत हिंडतो. मंग माज्या वाटणीचं पितंय कोण?’

पुढचे कितीतरी दिवस ते हा प्रश्न येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक मोटारवाल्याला विचारत होते. एका लग्नात तर वरपित्यालासुद्धा विचारला.

गेल्या वर्षी भातकापणीच्या दिवसांत, एका सकाळी मामांच्या छातीत कळ आली. मामींचा फोन आला तसा मी कंपनीतून गाडी काढली. मामांना मागच्या सीटवर आडवं केलं, मामी पुढे बसल्या. मामांचा चेहरा राखेसारखा झाला होता. तळेगावचा दवाखाना गाठेपर्यंत माणूस टिकतो की नाही, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. वाटेत दोन बायका पाट्या घेऊन उभ्या होत्या.

‘थांबवा, जावईबापू,’ मागून आवाज आला. ‘मी उठून बसतो. दोघी बसत्यात.’

‘मामा, गप पडून राहा.’

बायकांनी गाडी ओळखून हात केला. मी वेग कमी केला नाही. मामांनी उपरणं तोंडावर ओढून घेतलं. आरशात ते बघून मला वाटलं, संपलं. मी हाक मारली, तेव्हा उपरण्याखालून आवाज आला, ‘चालवा. त्यांनी मला बगितलं तर काय म्हंतील? येवढी गाडी एकल्यासाठी.’

वेळेत पोचलो म्हणून मामा वाचले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, ‘आबा, आता कसं वाटतंय?’

‘लाज वाटती,’ मामा म्हणाले. 

मामा आता पुन्हा फाट्यावर येऊन बसतात. पण माझी गाडी दिसली की चष्मा काढतात आणि धोतराच्या सोग्याने पुसत राहतात, मी पुढे जाईपर्यंत. एकदा मी थांबलोच. ‘मामा, चार बोटं दाखवायची सोडली का?’

‘तुमी त्या दिवशी माज्यापायी गाडी रिकामी पळवली,’ ते चष्म्याकडे बघत म्हणाले. ‘माज्या वाटणीचं मीच पिऊन बसलो. आता तुमाला कुटल्या तोंडानं बोट दाखवू?’

त्यांना सांगायला हवं होतं की मामा, तुमची ती एक खेप जीव वाचवण्यासाठी होती, माझी रोजची खेप कशासाठी आहे ते मला माहीत आहे. तेवढं तोंडातून निघालं नाही, मला उशीर होत होता. ती चार बोटं मला सोसत होती, हे चष्मा पुसणं सोसत नाही. कंपनीची बस अजून माझ्या दारावरून जाते. मी अजून गाडीच काढतो. फाटा आला की मामा चष्मा पुसतात, मी उजवीकडच्या भातखाचरांकडे बघतो, आणि गाडी पुढे निघून जाते.