भोंग्याची वायर

कारखान्यात लागून मला चार महिने झाले होते आणि या चार महिन्यांत मी एकच वाक्य शंभरदा तरी बोलले असेन: "साहेब, सगळ्या वायरी सारख्या नसतात."

रत्नागिरीबाहेर सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, मासळी गोठवून परदेशी पाठवणारा तो कारखाना होता. ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं. मी तिथली इन्स्ट्रुमेंट इंजिनीअर. तापमान, दाब, गॅस मोजणारी उपकरणं आणि त्यांचे काटे जिथे हलतात ते कंट्रोल पॅनेल, एवढं सगळं माझ्या गळ्यात. बाकीच्या मंडळींच्या लेखी मी 'काटे बघणारी मॅडम'.

मिरकरवाड्याच्या बंदरावरून आलेली कोळंबी एका लांबलचक हॉलमध्ये सोलली जायची. साठ-सत्तर बायका टेबलांशी उभ्या, हात बर्फात. हॉलला एकच मोठं दार. भिंतीपलीकडे कॉम्प्रेसरची खोली, आणि थंडीसाठी वापरायचा तो अमोनिया. अमोनिया सुटला तर माणसाला श्वास घेता येत नाही, डोळे उघडता येत नाहीत. म्हणून त्या खोलीत गॅसचा माग घेणारा सेन्सर होता. त्याला गॅस लागला की तो एक अगदी क्षीण सिग्नल पॅनेलकडे पाठवायचा, आणि हॉलमधला भोंगा वाजायचा. भोंगा वाजला की हातातलं टाकून सगळ्यांनी बाहेर पडायचं.

पण हा भोंगा गॅसला वाजतच नव्हता. तो वाजायचा मोठा कॉम्प्रेसर चालू झाला की. रोज दोनदा, कधी तीनदा. बायका बाहेर जायच्या, उन्हात उभ्या राहायच्या, परत आत यायच्या.

कारण मला आठवड्याभरात सापडलं. सेन्सरची वायर म्हणजे घराच्या घंटीला लावतात तसली साधी दोन तारांची जोडी, आणि ती मोटरच्या जाडजूड केबलींच्या मांडीला मांडी लावून एकाच ट्रेमधून, हॉलच्या छतावरून आली होती. मोटर सुरू होताना विजेचा जो हिसका बसतो तो या बिचारीत उतरायचा आणि पॅनेलला वाटायचं, गॅस आला. वर त्या छतात थर्माकोल भरलेला. बाहेर कुठे आग लागली असती, तर या वायरींवरून चालत ती थेट बायकांच्या डोक्यावर आली असती, आणि आगीच्या आधी काळा धूर.

मी मागणीपत्र लिहिलं. तारा पिळलेल्या हव्यात. त्यांच्याभोवती शील्ड हवं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पापुद्रा, जो बाहेरची विजेची गडबड अडवतो आणि सोबतच्या उघड्या तारेतून जमिनीत सोडतो. वरचं आवरण आग न पसरवणारं, कमी धूर करणारं हवं. असली केबल आपल्याकडे नुकतीच बनायला लागली होती.

खरेदीचे साहेब मुंबईच्या गिरणीत वीस वर्षं स्टोअर सांभाळून आलेले. त्यांनी मागणीपत्र वाचलं आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"मॅडम, या वायरीतून जातं काय?"

"काही मिलिअँपिअर."

"म्हणजे काहीच नाही. मग तिला आग कशी लागेल?"

"तिच्यामुळे लागणार नाही साहेब. दुसरीकडे लागलेली आग तिच्यावरून पुढे जाईल."

"बघतो," ते म्हणाले.

तीन आठवड्यांनी मुंबईहून ट्रकने केबलचा ड्रम आला. मी धावत स्टोअरमध्ये गेले आणि टोक सोललं. आत शील्ड नव्हतंच. साध्या तारा, आणि वरून पोलादी तारांचं जाड वेष्टण. आर्मर्ड केबल. जमिनीत पुरली तर फावड्यापासून वाचेल अशी.

साहेब मात्र खूश होते. "तुम्ही शील्ड मागितलं होतंत. शील्ड म्हणजे ढाल. मी म्हटलं, ढालीपेक्षा चिलखत बरं! मिळत होतं, घेऊन टाकलं."

मला हसू यायला हवं होतं. आज येतं. त्या दिवशी मी कडक आवाजात म्हणाले, "साहेब, हे उंदरांसाठी ठीक आहे. विजेच्या गडबडीसाठी नाही. आणि वरचं आवरण साधंच आहे, हे जळतं."

"जळतं कशावरून?"

मग मी त्यांना कारखान्यामागे कातळावर नेलं. नमुन्यादाखल मागवलेला शील्डवाल्या केबलचा हातभर तुकडा माझ्याकडे होता. त्यांच्या ड्रममधला तेवढाच तुकडा कापला. कारखान्याच्या वायरमनकाकांचा ब्लो-लॅम्प, म्हणजे ज्योतीचा झोत सोडणारा दिवा, पेटवला. साहेबांच्या केबलने लगेच पेट घेतला. दिवा बाजूला केला तरी ज्योत वर चढत राहिली, आणि असा काळा, घशाला झोंबणारा धूर निघाला की साहेब खोकत चार पावलं मागे गेले. माझा तुकडा ज्योतीत होता तोवर जळला, दिवा काढताच विझला.

"पाहिलंत?" मी म्हणाले.

शर्टावरची काजळी झटकत ते म्हणाले, "हे प्रात्यक्षिक झालं. टेस्ट सर्टिफिकेट नाही. आणि आलेल्या ड्रमचं काय करू?"

त्या ड्रमचं काय करायचं यावर पुढे सहा पत्रं झाली. भोंग्यावर एकही नाही.

आणि मग एक दिवस अशी गोष्ट झाली की माझा वैताग जाऊन त्या जागी भीती आली. मी पॅनेलजवळ होते. कॉम्प्रेसर सुरू झाला, भोंगा वाजला. मी सवयीने हॉलच्या दाराशी गेले. बाहेर कुणीच आलं नव्हतं. आत सगळ्या बायका मान खाली घालून सोलत होत्या. भोंगा डोक्यावर बोंबलतोय आणि एकीनेही मान वर केली नाही.

त्या सगळ्यांत वडील एक मावशी होत्या. मासेमारी करणाऱ्या घरातल्या, बोलायला सडेतोड. मी विचारलं, "मावशी, बाहेर का नाही गेलात?"

"बाय गो, तुझा भोंगा रोज खोटा बोलतो," हातातलं सोलणं न थांबवता त्या म्हणाल्या. "आता खरा बोलला तरी आमाला कसं कळणार? आनी बर्फ इतळतो तो येगळाच."

मागणीपत्र घेऊन मी तशीच मॅनेजरांच्या केबिनमध्ये शिरले. त्यांना म्हणाले, "पाच मिनिटं हॉलमध्ये चला." ते आले. त्यांना दाराशी उभं करून मी पॅनेलवरचं चाचणीचं बटण दाबलं आणि दाबून ठेवलं. भोंगा वाजत राहिला. मॅनेजर एकदा भोंग्याकडे, एकदा बायकांकडे बघत राहिले. कुणी हललं नाही.

"हे असं कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"आजपासून तरी नक्की. गॅस खरंच सुटला तर यातली एकही बाहेर पडणार नाही."

मागणीपत्रावर त्यांनी तिथेच, कोळंबीच्या टेबलावर, ओल्या हाताने सही केली. त्या कागदावर शेवटपर्यंत मासळीचा वास होता.

केबल आली. या वेळी योग्य आली. मी दोन्ही टोकं सोलून बघितली. मोटरच्या केबलींपासून लांब, वेगळ्या ट्रेमधून ती टाकून घेतली. वायरमनकाकांनी चार दिवस छतावर पालथं पडून काम केलं. पाचव्या दिवशी सगळे जमले. साहेबही आले. कॉम्प्रेसर सुरू केला.

भोंगा वाजला.

साहेबांनी फक्त चष्मा पुसला. ते बोलले असते तर परवडलं असतं.

दोन दिवस मी वेड्यासारखी शोधत होते. सेन्सर बदलला, पॅनेलचं कार्ड बदललं. तिसऱ्या दिवशी सेन्सरच्या टोकाचा डबा उघडला, तर शील्डची उघडी तार छानपैकी बोल्टाखाली आवळून तिथल्या अर्थिंगला जोडलेली. पॅनेलच्या टोकालाही तशीच. मी जोडणीच्या नकाशावर लिहिलं होतं, शील्ड फक्त पॅनेलकडेच जमिनीला जोडायचं.

"काका, हे दोन्हीकडे का बांधलंत?"

"मजबुतीसाठी," काका म्हणाले. "एक सुटलं तर दुसरं आहेच. नमस्कार पण दोन हातांनीच करतात ना, मॅडम?"

पॅनेलचं अर्थिंग एका खड्ड्यात, सेन्सरकडचं दुसऱ्या. आता जांभ्याच्या सड्यावर, मे महिन्यात, अर्थिंगचे दोन खड्डे म्हणजे दोन सख्ख्या जावा. एकीचं दुसरीशी पटत नाही. जमीन खडखडीत वाळलेली, एका खड्ड्यात काल कुणी मीठपाणी ओतलेलं, दुसऱ्यात आठवडाभर नाही. दोन्हीकडे तार बांधली की खड्ड्याखड्ड्यातली विजेची भांडणं शील्डमधूनच फिरायला लागतात, आणि जे गडबड अडवायला आणलं तेच ती घेऊन येतं. हे मी काकांना सांगायला गेले तेव्हा माझा आवाज नको इतका चढला होता. तीस वर्षं काम केलेला माणूस, त्यांचा चेहरा पडला.

"सोडू ना मग एक टोक?" ते हळूच म्हणाले. मी कापलं, त्यांनी टेप गुंडाळली. वर चिठ्ठी डकवली: इथे जोडू नये. ती चिठ्ठी त्यांच्याच अक्षरात होती.

कॉम्प्रेसर सुरू झाला. काटा जागचा हलला नाही. आम्ही दहा वेळा बंद-चालू केला. हलला नाही.

मला वाटलं, सुटले. पण वायर सुधारली म्हणून बायका सुधारतात होय! भोंगा आता गप्प असायचा, तर त्यांना वाटायचं बिघडलाय. दर सोमवारी मी मुद्दाम वाजवायला लागले, पोलीसपाटलासारखी दाराशी उभी राहून एकेकीला बाहेर काढायला लागले. त्या बडबडत यायच्या, मला नावं ठेवायच्या. पावसाळाभर हेच चाललं.

दसऱ्यानंतर एका गुरुवारी सकाळी भोंगा वाजला. मी बटण दाबलं नव्हतं, आणि कॉम्प्रेसर केव्हाचा चालूच होता. एका व्हॉल्व्हमधून खरोखरीच अमोनिया गळत होता. थोडासाच, पण दाराशी पोचेपर्यंत माझे डोळे चुरचुरायला लागले. बायका बाहेर येत होत्या, पदर नाकाला लावून, ढकलाढकली न करता. मी मोजत होते. एक कमी.

आत गेले, तर मावशी टेबलाटेबलावर फावड्याने बर्फ टाकत होत्या.

"मावशी! भोंगा खरा आहे!"

"म्हायत हाय," त्या खोकत म्हणाल्या. "पन कोळंबी उघडी टाकून कशी जाऊ?"

मी त्यांच्या हातातलं फावडं हिसकावलं, दंडाला धरून त्यांना ओढत बाहेर आणलं आणि सगळ्यांसमोर अशी काही ओरडले की खिडकीतून साहेबांनी डोकं बाहेर काढलं. मावशींनी शांतपणे तोंडावर पाणी मारलं, पदराने पुसलं आणि शेजारणीला म्हणाल्या, "हिचं लगीन करून द्या गो कुनीतरी."