पंपाला हळदीकुंकू

आईचा डायलिसिसचा कालचा नंबर चुकला, कारण गाडीनं रस्त्यातच मान टाकली आणि ती ओढून घरी आणावी लागली. हातापाया पडून बारामतीच्या दवाखान्यात आज दुपारचा नंबर मिळवला होता. तोही गेला असता तर काय झालं असतं, हे तिच्या सुजलेल्या पायांकडं बघूनच कळत होतं. आडवं पडलं की दम लागायचा, म्हणून ती भिंतीला टेकून बसलेली.

ॲम्ब्युलन्सचं नाव काढलं की ती नको म्हणून मान हलवायची. वडील तिच्यातून गेले आणि परत आले ते झाकूनच. शेजाऱ्यांच्या गाड्या लग्नाला गेलेल्या. इंदापूरचा मेकॅनिक म्हणाला, उद्या बघू. त्याचा उद्या काय चाटायचाय? किल्ली फिरवली तरी टाकीतला पेट्रोलचा पंप वाजत नव्हता, म्हणून शेवटी मीच मोटारसायकलवर बारामती गाठली आणि नवा पंप घेऊन आलो. लोणी देवकरच्या कंपनीत मशिनी दुरुस्त करण्यात माझं आयुष्य चाललंय, पण गाडीची टाकी कधी उघडली नव्हती.

मागचं सीट काढलं, बॅटरीची वायर सोडली, पेट्रोल कॅनमध्ये काढलं. वासानं डोकं भणभणलं. जुना पंप कसाबसा उपसला. नवा ओट्यावर आईजवळ ठेवला होता, तो तिनं उचलून हातात दिला. पंपाच्या टोपीवर कुंकवाचं बोट होतं. म्हटलं, असू दे. आमच्याकडं बोअरची मोटारसुद्धा हळदीकुंकवाशिवाय खाली सोडत नाहीत.

पंप बसवला, पेट्रोल ओतलं, किल्ली फिरवली. गाडी जरा खोकली आणि बंद पडली. परत फिरवली, परत तेच. ओट्यावरचा आईचा श्वास मला गाडीत ऐकू येत होता.

पुन्हा सगळं खोललं. पंपाच्या तळाची जाळी बघतो तर लालपिवळा चिखल, वर चिकटलेले तांदूळ. बाईनं पंपाला तांब्याभर पाण्यानं आंघोळ घालून रीतसर पूजा केली होती! माझ्या डोक्यात तिडीक गेली. पाणी कशाला घातलंस, म्हणून मी तिच्यावर खेकसलो.

"मोटार हाय न्हवं ती? मोटार पाण्यातच असती की," ती म्हणाली. मग दम घेत थांबत थांबत बोलली, "तुझ्या बापानं बोअरला मोटार सोडली तवा मीच पूजा केली हुती. ती अजून चालतीया. हिला म्हनलं, लई दिस नको. मला न्यायाचं हाय तवर तरी चाल."

जाळी पेट्रोलनं धुतली, फुंकली, टाकीचा तळ फडक्यानं कोरडा केला. पंप परत बसवताना घाईनं बोट कापलं. ह्या खेपेला किल्ली फिरवली तसा सीटखालून बारीक घूं असा आवाज आला आणि गाडी चालू झाली. आईला उचलून आत ठेवलं. वाटेत उसाच्या ट्रॉल्या बाजूला होईनात. मी हॉर्न वाजवत आणि शिव्या घालत राहिलो, ती डोळे मिटून श्वास ओढत राहिली.

नंबर गेला नव्हता. सिस्टरनं तिला मशीनला जोडलं, मशीन सुरू झालं. आईनं मोकळा हात हळूच मशीनला लावला आणि कपाळाला टेकवला. सिस्टर हसली. मी बाहेर येऊन गाडीत बसलो आणि ढसाढसा रडलो.