बॉनेटवर हात आणि चाकामागे लिंबू

जुन्या पिकअपचा हौदा झाडायला घेतला की कोपऱ्यातून काय काय निघतं! सुतळी, कांद्याची सालं, कुणाची तरी एकच चप्पल. एकदा तर रुखवतातली पितळी कळशी निघाली होती, अजून माझ्याकडे आहे, कुणी मागायला आलं नाही. किस्स्यांचं तसंच. मी साठवत नाही, ते आपोआप साठतात.

धुळ्याला हायवेच्या कडेला रशीद मिस्त्रीचं गॅरेज आहे. तिथल्या बाकड्यावर सकाळचे दोन तास मी बसते. वय बहात्तर, शाळा चौथीपर्यंत, आणि गाडीतलं ज्ञान रशीदपेक्षा थोडं जास्त. हे रशीदसमोरच सांगते, तो मान हलवतो. जुनी पिकअप घ्यायची असली की लोक आधी या बाकड्याशी येतात. "अक्का, जरा बघून द्या ना!"

आताचे किस्से रेखाच्या गाडीपायी साठले. रेखा माझी शेजारीण. पाच गावांचं दूध रोज सकाळी स्वतः गाडी चालवून धुळ्याला आणते, पण गाडी दुसऱ्याची. त्या मालकाने दसऱ्यानंतर गाडी भंगारात काढायचं ठरवलं, तशीच होती ती. डेअरीवाला म्हणाला, "बाई, दसऱ्यापर्यंत स्वतःची गाडी आण. नाहीतर ही लाइन मी दुसऱ्याला देतो." नवी गाडी तिच्या आवाक्यात नव्हती. जुनीच हवी, पण अशी की डिसेंबरच्या थंडीत पहाटे एका सेल्फला उठेल. एक दिवस गाडी उठली नाही तर पाच गावांचं दूध नासतं.

"अक्का, तुम्ही म्हणाल तीच घेईन," रेखा म्हणाली. झालं! मी पदर खोचला.

*

आधी माझं शिक्षण सांगते, नाहीतर म्हणाल म्हातारी उगाच ऐट करते.

तर ऐट करण्यासारखं सुरुवातीला काहीच नव्हतं. यजमान गेल्यावर मी स्वतःच्या मनाने पहिली पिकअप घेतली. रंग असा की त्यात तोंड पाहून कुंकू लावावं! घरी आणली, ओवाळली, पेढे वाटले. आठव्या दिवशी नरडाण्याच्या अलीकडे चेसीच तडकली. आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं वाळू भरली होती आणि तडा झाकायला वरून रंग मारला होता.

रशीदचे अब्बा तेव्हा गॅरेज चालवायचे. ते खाली वाकले, बघितलं आणि म्हणाले, "अक्का, तुम्ही गाडी नाही घेतली, रंग घेतला."

त्या दिवसापासून मी गॅरेजात बसायला लागले. इंग्रजी अक्षरं स्पेअर पार्टच्या खोक्यांवरून शिकले. मी वाचलेलं पहिलं अख्खं इंग्रजी वाक्य रेडिएटरच्या झाकणावर होतं : डू नॉट ओपन व्हेन हॉट. अर्थ विचारला. अब्बा म्हणाले, "गरम असताना उघडू नका, तोंड भाजेल."

सासूबाई होत्या तेव्हा. संसारात ते वाक्य मला फार उपयोगी पडलं.

*

रेखासाठी पहिली गाडी बंटी एजंटने दाखवली. मे महिना होता. रेखाचं दूध डेअरीत टाकून आम्ही सकाळी आठला पोचलो. माझी रीत अशी की दार उघडायच्या आधी, नमस्काराच्याही आधी, बॉनेटवर हात ठेवायचा. ठेवला. चटका बसला!

"आत्ताच चालवून आणली होती का रे?"

मालक म्हणाला, "हो आजी, देवदर्शनाला गेलो होतो."

"छान केलंस," मी म्हटलं आणि त्याच्या ओट्यावर बसले. गरम इंजिन कुणाचंही सुरू होतं. ज्याला लपवायचं असतं तो गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी तापवून ठेवतो. मला थंड इंजिन बघायचं होतं. नऊ वाजले. दहा वाजले. बंटी घड्याळ बघायला लागला. मालकाची बायको चहा घेऊन आली, मी दोनदा घेतला. बारा वाजता मालक म्हणाला, "आजी, जेवायची वेळ झाली, आता घरी जाऊन या."

मी पिशवीतून डबा काढला. रेखानेही काढला.

दीड वाजता पुन्हा हात ठेवला. म्हटलं, "आता मार सेल्फ." एक मारला, दोन मारले, सातव्या सेल्फला गाडी खोकली आणि एवढा पांढरा धूर सोडला की समोरचं घर दिसेना.

मालक शांतपणे म्हणाला, "थंडीमुळे होतं असं."

धुळं. मे महिना. दुपारी दीड!

*

दुसरी गाडी जळगावकडची. गाडीमालक तोंडाचा गोड. "अक्का, या गाडीत फक्त आमच्या शेतातली केळी वाहिली. दुसरं काही नाही!"

केळीचा चीक पत्र्यावर पडला की काळा डाग पडतो, तो काही केल्या जात नाही. हौद्यात एकही डाग नव्हता. मी वर चढले. बंटी म्हणाला, "आजी, पडाल!" मी म्हटलं, "पडले तर तुझ्यावर पडेन, बाजूला हो."

कोपऱ्यात बसून केसातला आकडा काढला आणि पत्र्याच्या सांध्यात खरवडलं. पांढरी भुकटी निघाली. जिभेला लावली. मीठ! आकडा जरा जोरात दाबला तर पत्र्यातून आरपार गेला आणि खालचा रस्ता दिसला.

"मिठाच्या गोण्या वाहिल्यात तुम्ही. ही केळी कुठली?"

त्या माणसाने डोळ्याची पापणीही हलवली नाही. "अक्का, आम्ही केळी मीठ लावूनच खातो."

*

नरडाण्याच्या वजनकाट्याजवळ तिसरी गाडी पाहिली. बॉनेट थंड, सेल्फ एका दमात, हौदा खणखणीत. रेखाचे डोळे चमकले. मी पिशवीतून लिंबू काढलं.

तो मालक खूश झाला! आपल्याकडे गाडी पहिल्यांदा दारातून निघते तेव्हा चाकाखाली लिंबू ठेवतात, ते चिरडून गाडी पुढे जाते. त्याला वाटलं, म्हातारीने गाडी पसंत केली. लगेच म्हणाला, "आजी, नारळ आणू का?"

"थांब जरा. गाडी त्या चढावर घे. हँडब्रेक ओढ, गिअर काढ आणि खाली उतर."

मी मागच्या चाकाच्या अगदी पाठीशी, टेकेल इतकं जवळ, लिंबू ठेवलं. हँडब्रेक धड असेल तर लिंबू जसंच्या तसं राहतं. दुधाचे कॅन भरलेली गाडी गावोगावच्या चढावर थांबते, तिला हँडब्रेक नसून कसं चालेल? दगड ठेवला तर दगडच गाडी धरतो. लिंबू खोटं बोलत नाही.

फच्च!

लिंबाचा रस माझ्या पातळावर उडाला आणि गाडी निघाली मागे. मालक हौद्याचा फाळका धरून तिच्यासोबत उलटा धावतोय आणि ओरडतोय, "शुभ झालं आजी! लिंबू फुटलं! नजर उतरली!"

रेखाने धावत जाऊन दारातून आत उडी घेतली आणि ब्रेक दाबला. मग खिडकीतून मान काढून म्हणाली, "भाऊ, नजर निवांत उतरवा हो, आधी बाजूला व्हा!"

*

मधेच रशीदचा किस्सा. त्याच्या मुलीला चाळीसगावचं स्थळ आलं होतं. मुलाकडचे दोनदा येऊन गेले, अत्तर लावून, नव्या कपड्यांत. रशीद बाकड्यावर माझ्याशेजारी येऊन बसला. "अक्का, सगळं चकाचक आहे. म्हणूनच भीती वाटते. जरा गाडीसारखं बघून द्या."

म्हटलं, "मग गाडीसारखंच कर. न सांगता जा, आणि सकाळी सहाला जा. इंजिन थंड असतं."

तो खरंच गेला! बायकोला घेऊन, पहिल्या बसने. दहा वाजता फोन. मी म्हटलं, "बोल, काय दिसलं?"

"अक्का, नळाला पाणी आलं होतं. मुलगा बनियनवर हंडे भरत होता. आईचे भरून झाले होते, शेजारच्या म्हातारीचे चालू होते."

"मग?"

"एका सेल्फला स्टार्ट, अक्का!"

*

असं करत जून गेला, श्रावण गेला, गणपती गेले. मी अकरा गाड्या नापास केल्या. एकीच्या दारात पत्र्याऐवजी पुट्टी, माझं लोहचुंबक तिथे चिकटेचना. एकीचं मीटर सांगत होतं की गाडी कोवळी आहे आणि क्लचच्या पेडलचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं. मीटर फिरवता येतं, वर्षानुवर्षं दाबलेलं रबर फिरवता येत नाही. मी प्रत्येकाला तोंडावर सांगितलं. बंटीने माझा फोन उचलणं बंद केलं.

घट बसले. दसऱ्याला नऊ दिवस उरले. डेअरीवाल्याने रेखाला ऐकवलं, "बाईमाणूस आणि त्यात जुनी गाडी! दुसरा माणूस बघून ठेवलाय मी."

ती संध्याकाळी माझ्या दारात आली. बसली नाही. उभ्यानेच म्हणाली, "अक्का, एक विचारू? तुम्ही माझ्यासाठी गाडी शोधताय, की गाडीतल्या चुका?"

मला उलट उत्तर द्यायची सवय आहे. ती सवय साठ वर्षांची आहे. पण त्या दिवशी मी बोटांवर त्या अकरा गाड्या मोजत बसले. ती गेल्यावर मी रशीदच्या फोनवरून बंटीला गाठलं आणि पहिल्यांदा 'कृपा कर' म्हटलं. तोही घाबरला. म्हणाला, "आजी, तब्येत बरी आहे ना? एक गाडी आहे चाळीसगावच्या पुढे. पण तुम्हाला दाखवायची हिंमत नव्हती. दिसायला फार वाईट आहे. आणि मालक तुमच्यासारखा आहे."

*

त्या दिवशीच्या दुधाची सोय लावून रेखा आणि मी सकाळी सहाला तिथे हजर. न सांगता. लिंबाची बाग, पाटाच्या कडेला घर, घरासमोर ती पिकअप. रंग उडालेला, एक आरसा दोरीने बांधलेला, डॅशबोर्डवर इतकी धूळ की मेथी पेरावी. मालक नाना, माझ्याच वयाचे, खाटेवर बसून दात घासत होते. चौकशी नाही, काही नाही. मी सरळ जाऊन बॉनेटवर हात ठेवला. गार!

नाना म्हणाले, "काय देखस माय? ताप शे का तिले?"

मी ओशाळले, पण दाखवलं नाही. "गाडीत काय काय बिघाड आहे नाना?"

त्यांनी उशीखालून वहीचा कागद काढला. त्यावर सगळं लिहिलेलं! दुसरा गिअर थंडीत रुसतो. डावी काच वर जात नाही. मागच्या स्प्रिंगचा एक पाटा दोन वर्षांपूर्वी बदलला. पावसात वायपर एकच चालतो, पण चालवणाऱ्याच्या बाजूचा. खाली लिहिलं होतं, "बाकी बठ्ठं चांगलं शे."

माझ्या जन्मात असा कागद पाहिला नव्हता. आकडा काढला, लोहचुंबक काढलं, अर्धा तास गाडीखाली पडून राहिले. कागदापलीकडे एक चूक सापडेना! रेखाने सेल्फ मारला. गाडी अर्ध्यातच उठली.

शेवटी लिंबू काढलं. नाना खाटेवरून उठलेच. "अक्का, मन्ह्या लिंबूच्या बागेत तुम्ही बाजारातून लिंबू आणलं?" पण पाटाच्या चढावर ते स्वतः वाकून बघत होते. पाच मिनिटं झाली, दहा झाली. लिंबू जसंच्या तसं.

मी रेखाकडे पाहिलं आणि म्हटलं, "घे."

"ती घेईल," नाना म्हणाले, "पण मी देईन का? तीन गिऱ्हाइकं परत पाठवली मी. तुम्ही गाडी पाहिली. आता मी डायव्हर पाहतो."

त्यांनी स्टीलचा ग्लास पाण्याने काठोकाठ भरला, डॅशबोर्डवरच्या खाचेत ठेवला आणि रेखाला म्हणाले, "सडकेपर्यंत जाऊन ये. थेंब सांडला तर गाडी इथेच राहील."

पाटावरचा रस्ता म्हणजे खड्ड्यांची माळ. गाडी वळणाआड गेली. मी आणि नाना खाटेच्या दोन टोकांना बसलो. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्यांना नापास केलं, आता माझं पोर परीक्षेला बसलं होतं. तेव्हा कळलं, मालकांना माझा किती राग येत असेल!

पंधरा मिनिटांनी गाडी आली. संथ, लग्नाच्या वरातीसारखी. रेखा उतरली. नानांनी आत डोकावलं.

ग्लास रिकामा!

"सांडलं?"

"नाही नाना," रेखा म्हणाली. "तहान लागली. पिऊन टाकलं."

नानांनी पायाखालचं रबर चाचपलं. कोरडं. सीटवर हात फिरवला. कोरडी. मग ते डॅशबोर्डकडे बघत राहिले. सकाळी मेथी पेरता आली असती तो डॅशबोर्ड आता आरशासारखा लख्ख होता. मी रेखाच्या पदराकडे पाहिलं. तिने तो पाठीमागे धरला होता, आणि त्याच्या टोकातून टप टप चालू होतं.

नानांचीही नजर तिथेच गेली, आणि ते गालात हसले. बागेत एक भारद्वाज तेवढा घुमत होता.

नानांनी वाकून चावी काढली, रेखाच्या तळहातावर ठेवली आणि तिची मूठ मिटली. मग माझ्याकडे वळले.

"अक्का, तुमचं ते लिंबू फुटलं नाही ना? मग आणा इकडे. सरबत करू. पोरले तहान लागेल शे."