नांदुऱ्याचं सोडा घराणं

पडदा वर जातो तेव्हा भर दुपार आहे. नांदुरा स्टेशनाकडून येणाऱ्या रस्त्याला एक पत्र्याचं दुकान. पुढे लाकडी बाक, त्यावर मी बसलेलो. मागच्या खोलीत हातानं फिरवायचं सोड्याचं मशीन, आणि भिंतीला लावलेली उंच लाकडी मांडणी, गोटीच्या बाटल्यांनी खच्चून भरलेली. काच जाड, हिरवी. मशीनपाशी एक बाई उभी. तोंडावर तारेच्या जाळीचा मुखवटा, दोन्ही हातांना गोणपाट गुंडाळलेलं. आमच्या नाटक कंपनीत मुखवटे पेटीभर होते, पण जिवाच्या भीतीनं मुखवटा चढवणारी बाई मी एकच पाहिली. ती वच्छलाबाई.

फ्रान्समधल्या शॅम्पेनच्या घराण्यांबद्दल मी कुठल्याशा दिवाळी अंकात वाचलं होतं. तळघरात ठेवलेल्या बाटल्या आपोआप फुटायच्या, माणसांचे डोळे जायचे, म्हणून कामगार लोखंडी मुखवटे घालून फिरायचे. त्यातलं एक घराणं एका तरुण विधवेनं नावारूपाला आणलं. मी अंक मिटला आणि म्हणालो, अरे, ही तर आमची वच्छलाबाई! शॅम्पेनशी माझा संबंध तसा जुना. एका नाटकात मी विलायतेहून परतलेला सरदार होतो आणि वाढदिवसाच्या प्रवेशात शॅम्पेन उडवायचो. आत सोडा असायचा, याच दुकानातला. टाळ्या मात्र खऱ्या पडायच्या.

दुकान काढलं तिच्या सासऱ्यांनी, तुळशीरामांनी. पहिल्याच उन्हाळ्यात त्यांचा डावा डोळा गेला. भरताना बाटली तडकली आणि काच आत शिरली. पट्टी बांधून त्यांनी मशीन फिरवणं चालू ठेवलं. त्यांना मोडलं ते वेगळ्याच बाटलीनं. जत्रेत आमचा खेळ चालू होता. पुढे बसण्यावरून दोन टोळकी भिडली आणि बाटल्या उडू लागल्या. गोटीची भरलेली बाटली हलवून फेकली की ती नुसती लागत नाही, अंगावर फुटते. एक आमच्या तबलजीच्या कपाळावर फुटली. तबल्यावर डोकं ठेवून तो गेला, आणि मी दोन हातांवर पोशाखी तलवार धरून तसाच उभा. तुळशीराम रंगमंचावर चढले, त्यांनी आपल्याच बाटलीची हिरवी काच उचलून पाहिली आणि तिथंच सांगितलं की यापुढे माझी भरलेली बाटली दुकानाबाहेर जाणार नाही. प्यायची त्यानं बाकावर बसून प्यावी, गोटी दाबायची ती दुकानदारानं.

धंदा त्यामुळे वाढला नाही. लग्नाच्या पंगती, हॉटेलं, सगळी गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. तुळशीरामांचा मुलगा गुलाबराव, म्हणजे वच्छलाबाईचा नवरा, यानंही शब्द पाळला. वैशाखात एकदा घाम पुसायला त्यानं मुखवटा वर केला आणि त्याच क्षणी मशीनच्या पिंजऱ्यात भरायला लावलेली बाटली फुटली. काच गळ्यात गेली. वच्छलाबाई मांडीवरचं तान्हं पोर, गोपाल, खाली ठेवून धावली, तोवर त्याला बोलता येत नव्हतं. तेरवी झाली आणि दुसऱ्या दिवशी तिनं तोच मुखवटा धुऊन स्वतःच्या तोंडाला बांधला.

मी म्हातारपणी नांदुऱ्यात राहायला आलो तो तिच्या बाकाच्या ओढीनं. मला ती राजे म्हणायची. लिंबू पिळता पिळता विचारायची, "काय राजे, आज मुकुट घरीच राह्यला का?" मी म्हणायचो, गहाण टाकलाय. मग ती खुदकन हसायची. जाळीतून दात दिसायचे.

गोपाल मोठा झाला, कबड्डीत नाव काढलं. आईची नक्कल करून मला हसवायचा. दुनिया कुठच्या कुठं गेली आणि आपली बाटली दाराबाहेर गेली नाही, असं टोचून बोलायचा, पण प्रेमानं. मग यंदाच्या स्पर्धेत शेजारच्या गावच्या संघानं त्याच्या जिवलग मित्राचा, रामचा, पाय मोडला. पकडीत सापडल्यावरही सोडलं नाही, गुडघ्यावर उड्या मारल्या. हाड बाहेर आलं होतं. गोपालनं त्याला मैदानातून खांद्यावर आणलं आणि त्या दिवसापासून त्याचं हसणं संपलं.

आठवड्याभरानं त्यानं आईजवळ गोष्ट काढली. रामच्या बहिणीचं, डिंपलचं, लग्न आहे. राम अंथरुणाला खिळलेला, पण पाहुण्यांना आपला गोटी सोडा पाजावा अशी त्याची फार इच्छा आहे. मांडवात गोट्या मीच दाबीन, असंही तो म्हणाला. वच्छलाबाई दोन दिवस नेहमीसारखी बाकावरच्या गिऱ्हाइकांना सोडा देत राहिली. तिसऱ्या दिवशी पहाटेच मशीन सुरू झालं.

"सासऱ्याचा शबूद मोडून राह्यली, राजे," ती मला म्हणाली. "पोरीचं लगन हाय म्हून."

दुपारपर्यंत मांडणी भरली. शेवटच्या बाटल्या ठेवून तिनं मुखवटा काढला, खुंटीला अडकवला, आणि टेम्पो आला. गोपाल आणि त्याच्या संघातली सात-आठ पोरं उतरली. मनगटाला सायकलच्या साखळ्या, एकाच्या हातात कोयता. आत मशीनची पूजा होते, त्या खोलीत नांदुऱ्यातलं कोणी चपला घालून जात नाही. या पोरांनी कोयता हातात ठेवला आणि चपला दाराशी काढल्या. सवय! मी पाहत होतो आणि मला हसावं की ओरडावं कळेना.

"लग्नाले साखळ्या घेऊन जातेत का बे?" तिनं विचारलं.

एक जण दात काढत म्हणाला, "वरातीले लागते, काकू."

गोपालही चपला काढून दारातच थांबला होता. त्याला आईकडे पाहवेना. तो म्हणाला, लग्नबिग्न काही नाही, रामचा पाय मोडणारा संघ आज मैदानावर येणार आहे, आणि आईनं बाजूला व्हावं.

"तुह्या बापाच्या नरड्यात काय गेलं होतं, माईत हाय ना तुले?"

"हाव. म्हूनच पायजे."

ती मांडणीपुढे उभी राहिली. कोयतेवाल्यानं तिला ढकललं, तसा तिनं मशीनचा लोखंडी पाना त्याच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मी बाकावर ऐकला. दुसऱ्याची साखळी तिच्या कानावर बसली, कान अर्धा लोंबला. मी उठलो, काठी उगारली, कोणीतरी मला छातीत लाथ घातली आणि मी बाकासकट आडवा झालो. पोरं मांडणीकडे सरकली. वच्छलाबाईनं मुखवट्याकडे हातसुद्धा नेला नाही. दोन्ही हातांनी मांडणीचा खांब धरला आणि सगळं अंग मागे टाकून ती मांडणी स्वतःवर ओढली.

नाटकात मी तोफा ऐकल्या आहेत, पडद्यामागे पत्रा बडवून केलेल्या. हे तसं नव्हतं. एक बाटली फुटली की शेजारच्या दहा फुटत होत्या. काच पत्र्यातून आरपार जात होती. अनवाणी पोरांना पळायला जमीन उरली नव्हती. पाऊल टाकलं की किंचाळी. एक जण डोळ्यांवर हात धरून गोल गोल फिरत होता. कोयतेवाला गुडघ्यांवर रांगत होता आणि त्याच्या धड हाताचा तळवा फाटत होता. उंबऱ्यावरून रक्त आणि सोडा एकत्र वाहत बाहेर आले. त्याला फेस होता.

मग शांत झालं. मैदानावर एकही बाटली गेली नाही.

धक्क्यानं गोपाल रस्त्यावर फेकला गेला होता. त्याला खरचटलंसुद्धा नव्हतं. आई, आई करत तो उठला आणि दाराकडे धावला, तसाच, उघड्या पायांनी. वच्छलाबाई मशीनला टेकून बसली होती. गळ्यावर हात, बोटांमधून रक्त. दवाखान्यात पोचेपर्यंत श्वास होता, पण नंतर ती बोलली नाही. जे बोलली ते तिथंच, त्याच्या पायांकडे पाहून, रोजच्या आवाजात.

"चपला घालून ये, गोपाल. खाली काच हाय."